सीएसएमटीचे मेलगाड्यांचे फलाट लांबवायला लोकलचे फलाट का बंद करावे लागले?

जलद_बदलापूर (धागाकर्ता)

मे-जून २०२४ चा मेगाब्लॉक आठवत असेलच. ठाण्याला ६३ तास, सीएसएमटीला ३६ तास, तीन दिवसांत ९३० लोकल रद्द. मेन लाइनच्या गाड्या भायखळ्याच्या पुढे नाहीत, हार्बरच्या वडाळ्याच्या पुढे नाहीत.

ठाण्याचं गणित कळतं. रूळ बाजूला सरकवला, तयार काँक्रीटचे ठोकळे लावून फलाट ५-६ रुंद केला. पण सीएसएमटीला काम होतं १० आणि ११ नंबरचं, म्हणजे मेलगाड्यांच्या फलाटांचं. बांधकाम तर आधीपासून चालू होतं. मग प्रश्न असे:

१) ३६ तासांत नेमकं काय केलं? आणि त्यासाठी १ ते ७ हे लोकलचे फलाटही बंद का?
२) दर रविवारी थोडं थोडं करून हे उरकता आलं नसतं का?
३) फलाट लांब झाल्याने आणि स्टेशनचा पुनर्विकास झाल्याने लोकल वेळेवर धावायला काही मदत होणार आहे का?

"विकास म्हटलं की त्रास होणारच" छापाची उत्तरं नकोत, ती व्हॉट्सॲपवर भरपूर मिळतात.

---

गिट्टी_आणि_स्लीपर

फलाट म्हणजे दोन भिंती, मध्ये भराव, वर फरशी. त्याला ब्लॉक लागतो, पण अडचण ती नाही. अडचण आहे फलाट जिथे वाढवायचा त्या जागेवर आधीपासून पसरलेल्या सांध्यांची, म्हणजे पॉइंट्सची.

१०-११ ची लांबी आधी २९८ मीटर होती. जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा टोकांच्या बफरसकट साधारण २२.३ मीटरचा, म्हणजे तिथे १३ डबे मावायचे. आता लांबी ६८० मीटर आहे. नव्या पद्धतीचा एलएचबी डबा २४ मीटर धरा: २४ डब्यांचे ५७६, वर इंजिनाचे वीसेक, म्हणजे ५९६ मीटर. उरलेले ऐंशीएक मीटर चैन नाही. रूळ संपतो तिथल्या अडथळ्यापासून (त्यालाही बफरच म्हणतात) अंतर ठेवून थांबणं आणि दुसऱ्या टोकाला चालकाला सिग्नल दिसणं, दोन्हीला ती जागा लागते.

वाढलेले ३८२ मीटर मोकळे नव्हते. पुढच्या मस्जिद स्टेशनकडून धीम्या, जलद आणि हार्बरच्या अशा तीन जोड्या म्हणजे सहा रूळ येतात आणि अठरा फलाटांवर पसरतात. हा पसारा सगळा पॉइंट्सवर चालतो. फलाट मस्जिदच्या दिशेने वाढला की वाटेतला प्रत्येक पॉइंट उचलून पुढे न्यावा लागतो, आणि पुढे तर यार्ड आणखी अरुंद होत जातं.

एक पॉइंट म्हणजे किती ऐवज? मीटरला ६० किलो वजनाच्या रुळावर १ला १२ चा पॉइंट (१२ मीटर पुढे जाताना १ मीटर बाजूला, आकडा मोठा तितकं वळण सौम्य) सुमारे ४० मीटर लांब, खाली ८३ काँक्रीट स्लीपर. १ला साडेआठचा सुमारे साडेअठ्ठावीस मीटर, ५४ स्लीपर. हे स्लीपर एकसारखे नसतात. प्रत्येकाची लांबी आणि भोकांची जागा वेगळी, प्रत्येकावर नंबर. ४७ च्या जागी ४८ गेला तर रूळ गेजमध्ये बसत नाही, आणि ते कळतं तेव्हा निम्मं जोडून झालेलं असतं. म्हणून पॉइंट आधी यार्डाच्या कडेला पूर्ण जुळवून, मोजून, नंबर तपासून ठेवतात.

ब्लॉकमध्ये क्रम असा: ओव्हरहेडची वीज बंद, जुना पॉइंट तुकड्यांत कापून बाहेर, खालची चिखल झालेली गिट्टी उपसायची, नवी गिट्टी पसरून दाबायची, जुळवलेला पॉइंट सरकवून बसवायचा, सांधे फिशप्लेटने (बोल्टच्या लोखंडी पट्ट्यांनी) धरायचे, पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली गिट्टी ठोकून बसवायची, मग वेल्डिंग. एका थर्मिट वेल्डला साचा बांधण्यापासून घासून सपाट करण्यापर्यंत तासाभराच्या आसपास जातो आणि त्यानंतर अल्ट्रासोनिक चाचणी. वेळ संपत आला तर सांधा क्लॅम्पवर ठेवून गाडी सोडता येते, पण वेगमर्यादा घालून. आणि तो वेल्ड पुढे कुठल्या तरी रात्री करावाच लागतो.

चुकतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं, चेक रेलची फट, म्हणजे चाकाला वाटेवर धरून ठेवणाऱ्या जादा रुळाची मुख्य रुळापासूनची फट. क्रॉसिंगच्या नाकासमोर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकासमोर, ती ४४ ते ४८ मिमी हवी. जास्त झाली तर चाकाची कड नाकावर आपटते, कमी झाली तर चाकाची मागची बाजू घासते. दुसरं, ताजी गिट्टी. कितीही ठोकली तरी पहिल्या काही दिवसांच्या वाहतुकीने ती बसतेच. म्हणून यंत्राने पुन्हा पॅकिंग करत करत वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. ब्लॉक संपला म्हणजे काम संपलं असं रुळांच्या बाबतीत कधीच नसतं.

---

रिले_रूम

वरचं सगळं बरोबर. पण लोकलचे फलाट बंद ठेवायचं कारण रुळात नाही, सिग्नलमध्ये आहे.

यार्डातला प्रत्येक मार्ग इंटरलॉकिंगमध्ये, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेत, बांधलेला असतो. ४ नंबरवरून जलद लोकल सोडायची तर या मार्गातले सगळे पॉइंट योग्य बाजूला लागून कुलूपबंद हवेत, मार्ग रिकामा हवा, आणि याला छेदणारा एकही दुसरा मार्ग लागलेला नसावा. तेव्हाच सिग्नल पिवळा होतो. मेलगाडी १० वर जाताना जलद रुळावरूनच येते, त्यामुळे १० चे पॉइंट आणि लोकलचे पॉइंट एकमेकांच्या अटींत गुंतलेले. १० चे पॉइंट हलवले की मार्गांचा पूर्ण तक्ता बदलतो. जून २०२४ मध्ये नुसता तक्ता बदलला नाही, सीएसएमटीला नवं इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगही त्याच वेळी सुरू झालं. अर्धं यार्ड जुन्या यंत्रणेवर आणि अर्धं नव्यावर असं चालवता येत नाही.

कामाचा क्रम, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल:

आधी कागद. यार्डाचा मोजमापाचा आराखडा, त्यावरून सिग्नल आराखडा, त्यावरून मार्गांचा तक्ता, स्टेशनचे कार्यनियम नव्याने, आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी. याला महिने जातात.

मग प्री-एनआय, म्हणजे जुनी यंत्रणा सोडवण्याआधीची (एनआयपूर्वीची) तयारी. नव्या केबल टाकणं, लोकेशन बॉक्स उभे करणं, नवी पॉइंट मशीन आणि सिग्नलचे खांब बसवून ठेवणं. तुम्ही म्हणता ते "थोडं थोडं" ते हेच. मेच्या मध्यापासून रात्रीचे ब्लॉक याचसाठी होते. सॉफ्टवेअरची चाचणी सिम्युलेशन पॅनेलवर याच काळात होते.

मग एनआय, म्हणजे नॉन-इंटरलॉकिंग. सिग्नल विभाग यंत्रणा तोडत असल्याची चिठ्ठी (डिस्कनेक्शन मेमो) देतो, जुन्या यंत्रणेतून तारा सुटतात, नव्यात लागतात. आता एकेक पॉइंट सरळ आणि उलट फिरवून जागेवरचा माणूस फोनवर सांगतो ते आणि पॅनेलवर दिसतं ते जुळतंय का पाहायचं. प्रत्येक ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते विजेने ओळखणारी जोडणी), प्रत्येक सिग्नलचा प्रत्येक रंग, सगळं असंच. शिवाय अडथळ्याची चाचणी: पात्याच्या (पॉइंटच्या हलणाऱ्या रुळाच्या) टोकापासून १५० मिमीवर ५ मिमीची पट्टी घालून पॉइंट फिरवायचा. पट्टी असताना पॉइंट लॉक झाला तर तो नापास. हे काम घाईने करायचं नाही, कारण इथे झालेली चूक पुढे गाडी चुकीच्या रुळावर घालते.

छोट्या स्टेशनवर एनआय चालू असताना गाड्या हातानेच चालवतात. पॉइंटला क्लॅम्प आणि टाळं, हिरवा झेंडा, प्रत्येक चालकाच्या हातात टी/३६९ चा, म्हणजे सिग्नल ओलांडायच्या लेखी परवानगीचा कागद. दिवसाला वीस-तीस गाड्या असतील तिथे हे जमतं. दर तीन-चार मिनिटांना लोकल असलेल्या जागी हे करायला गेलात तर गाड्याही चालणार नाहीत आणि चाचणीही होणार नाही. शिवाय रुळांत टाळं घेऊन धावणाऱ्या माणसांचा जीव जातो. म्हणून शनिवार-रविवार गाठून पूर्ण बंद. १ जूनला (शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतर) साडेबारा ते २ जूनला दुपारी साडेबारा, त्यामागचा हिशेब हा.

---

जलद_बदलापूर

पटलं. पण मग चाचण्या झाल्यावरही पुढचे काही दिवस गाड्या मस्जिद आणि भायखळ्याच्या मध्ये रांगेत उभ्या का होत्या? सॉफ्टवेअर आधी तपासलं होतं म्हणता.

---

रिले_रूम

तर्क तपासलेला असतो, माती नाही.

सगळ्यात जास्त त्रास पॉइंट डिटेक्शनचा, म्हणजे पॉइंट नीट लागला की नाही हे ओळखण्याचा. नव्या गिट्टीवरचा पॉइंट पहिल्या शंभर-दोनशे गाड्यांखाली किंचित खचतो, पातं एकदोन मिलिमीटर हलतं, मशीन "लागलो" असं सांगत नाही. सिग्नल लाल. इंटरलॉकिंगच्या दृष्टीने हे बरोबर वागणं आहे, पण गाडी उभी राहते, माणूस जाऊन ॲडजस्ट करतो, मग सुटते. तोंडावरचा एक पॉइंट असा रुसला की मागे चार लोकल साठतात.

दुसरं ट्रॅक सर्किट. फलाटाखाली काँक्रीटचा एप्रन, वरून डब्यांतलं पाणी, कचरा. दोन रुळांमधली विद्युत गळती वाढली की रूळ रिकामा असूनही "गाडी आहे" असं दिसतं. पावसाळ्यात तर हे ठरलेलं. एक्सल काउंटरला (गाडीचे आस मोजणाऱ्या यंत्राला) पाण्याचा असा त्रास होत नाही, पण त्याची मोजणी चुकली तर नियमाप्रमाणे रीसेट करेपर्यंत तो भाग अडकतो.

आणि तिसरं, माणूस. पॅनेलवर वर्षानुवर्षं बसलेला हात बटणं न बघता मार्ग लावतो. पडदा नवा, फलाटांच्या जोडण्या नव्या. प्रत्येक मार्गाला दहा सेकंद जास्त गेले तरी सकाळच्या गर्दीत त्याची रांग भायखळ्यापर्यंत जाते.

---

कॅटेनरी२५

ओव्हरहेडचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. पॉइंट सरकला की वरची तारही सरकते. पॉइंटवर दोन रुळांच्या दोन तारा एकमेकींना ओलांडतात. ती जागा चुकली तर पॅन्टोग्राफ (गाडीच्या छतावरचा वीज घेणारा दांडा) दोन तारांच्या मध्ये शिरून अडकतो आणि शंभरेक मीटर तार खाली येते. शिवाय तार रुळाच्या बरोब्बर मधोमध नसते, सरळ रुळावर २०० मिमीपर्यंत आळीपाळीने डावी-उजवीकडे ओढलेली असते, नाहीतर पॅन्टोग्राफची पट्टी एकाच जागी झिजेल. रूळ हलला की हे सगळं पुन्हा बांधायचं. वाढवलेल्या फलाटाच्या मधोमध तारेचा जुना खांब (मास्ट) आला तर तोही हलवावा लागतो, आणि त्याचा नवा पाया आधीच भरून मुरलेला हवा. पाया राहिला तर ब्लॉक वाया. जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत कुणी जायचं नाही, त्यामुळे फलाटावरच्या शेडचं बरंचसं कामही पॉवर ब्लॉकमध्येच. रात्री शेवटची लोकल सुटल्यापासून पहिली येईपर्यंत जेमतेम तीन तास. परवानगी, अर्थिंग आणि शेवटी सगळं काढणं वजा केलं की हाताला दोन उरतात.

---

पाथ_मिळेना

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लांब फलाटाचा लोकलला थेट फायदा नाही. अप्रत्यक्ष आहे, पण तो फलाटामुळे नाही, नव्याने बसवलेल्या पॉइंटमुळे.

टर्मिनसची क्षमता फलाटांच्या संख्येने ठरत नाही, यार्डाचं तोंड, म्हणजे रूळ फलाटांकडे फुटतात तो पॉइंटचा भाग, एका गाडीने किती वेळ अडतं त्यावर ठरते. हिशेबापुरतं धरा की गाडीला तोंडातला ६०० मीटरचा मार्ग ओलांडायचा आहे. १२ डब्यांची लोकल साधारण २५६ मीटर. तिचं शेपूट बाहेर पडेपर्यंत ८५६ मीटर. ताशी १५ किमीने २०५ सेकंद, ३० ने १०३. तेच २४ डब्यांच्या मेलचं: ११९६ मीटर, १५ ने २८७ सेकंद, ३० ने १४३. म्हणजे मेलगाडी कूर्मगतीने आत शिरली तर तेवढ्यात एका लोकलचा मार्ग खाऊन टाकते. १ला साडेआठच्या जागी १ला १२ बसवता आले तर फरक पडतो, पण वर लिहिलंय तसं त्याला बारा मीटर जागा जास्त लागते आणि ही जागा मस्जिदच्या बाजूला मोजूनमापून आहे.

त्यात आणखी एक मेख. फलाटाच्या टोकाला बफर आहे, पुढे रूळ नाही. मोटरमन आत येतानाच वेग उतरवतो. गाडीच्या लांबीपेक्षा फलाट जेमतेम मोठा असेल तर शेपूट तोंडातच रेंगाळतं. पॉइंट ताशी ३० किमीचा असून उपयोग नाही.

मेलगाडी एकदा येऊन जात नाही हेही लक्षात घ्या. ती आली, प्रवासी उतरले, रिकामा रेक (डब्यांची पूर्ण रांग) वाडीबंदर किंवा माझगाव यार्डात, संध्याकाळी परत रिकामा आत, मग सुटते. चार वेळा तोंड ओलांडलं. आलेलं इंजिन बफरकडे अडकून पडतं, रेक निघेपर्यंत हलत नाही. निजामुद्दीन राजधानीसारखी दोन्ही टोकांना इंजिन असलेली गाडी किंवा वंदे भारत इथे सोयीची पडते ती यामुळे.

मग २४ डबे का? त्याच वेळेत, त्याच मार्गावर जास्त माणसं. १८ ची गाडी २४ ची केली, वाढलेले सहाही एलएचबी स्लीपर धरले, तर ४८० बर्थ वाढले आणि नवीन पाथ, म्हणजे गाडीसाठी वेळापत्रकातली मोकळी जागा, मागावा लागला नाही. सीएसएमटीला नवीन पाथ मागून मिळत नाही, म्हणून हा एकच रस्ता. १२-१३ नंबरही त्याच हेतूने ३८५ वरून ६९० मीटर झाले.

लोकलला खरा दिलासा हवा तर कुर्ल्याच्या दक्षिणेला पाहा. पाचवी-सहावी मार्गिका कुर्ल्यापर्यंत आहे. तिथून सीएसएमटीपर्यंत साडेसतरा किमी, पहिला टप्पा कुर्ला-परळ, दुसरा परळ-सीएसएमटी. ती होत नाही तोवर कुर्ल्यापुढे मेलगाडी जलद लोकलच्याच रुळावर चालणार.

---

दगडी_घुमट

पुनर्विकासावर कुणी लिहिलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तिन्हींना मिळून सुमारे १०,००० कोटींची मंजुरी दिली. वरच्या सगळ्या कामाशी त्याचा फारसा संबंध नाही. लोक दोन्ही एकत्र करतात आणि मग "इमारत चकचकीत झाली, लोकल मात्र उशिराच" असं म्हणतात. इमारतीचं काम गाडी वेळेवर आणणं नाही, गाडीतून उतरलेल्याला वेळेत बाहेर काढणं आहे.

आणि तिथे हिशेब लागतो. लोकलमधून ३,००० माणसं उतरली धरा. सीएसएमटीला बहुतेक जण बफरच्या टोकाकडेच चालतात, कारण बाहेर पडायच्या वाटा तिकडेच. सपाटीवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसं जातात, जिन्यावर ५५. सहा मीटर मोकळी रुंदी मिळाली तर ४८० प्रति मिनिट, म्हणजे सहा मिनिटांच्या वर. त्यात स्टॉल, खांब आणि तिकीट दाखवत थांबलेले लोक. तोवर शेजारच्या रुळावर पुढची लोकल लागलेली असते. म्हणून फलाटाच्या मध्यावरून वर किंवा खाली जाणारी वाट महत्त्वाची, आणि वर डेक (रुळांवरचा मोठा मजला) करायचा तो त्यासाठी. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ चं स्टेशनही खाली सुरू आहे, त्यामुळे डी. एन. रोडच्या बाजूच्या भुयारी मार्गावरचा ताण बदललाय.

डेकची अडचण खांबांची. अठरा फलाटांवर छत घालायचं तर खांब फलाटाच्या मध्यातच, रुळाच्या ठरलेल्या अंतराबाहेर. अरुंद फलाटावर खांब आणि जिना दोन्ही आले की दोन्ही बाजूंना चालायला पट्टाच उरतो. गर्दी हलवायला केलेला जिनाच गर्दी अडवतो. आराखड्यात सगळ्यात आधी मी हीच मापं पाहीन, रंगीत चित्रं नंतर.

राहिली जुनी वास्तू. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, २००४ पासून जागतिक वारशात. तिच्या जवळ हातोड्याने ठोकून पाइल (पायाचे खांब) घालायचे नसतात, फिरवून खोदलेलेच हवेत. चुन्यातल्या जुन्या दगडी बांधकामाला कंपनं सोसत नाहीत. शिवाय नवं काही उभं केलं तर रस्त्यावरून घुमटाच्या मागे ते दिसता कामा नये. यामुळे उंचीवर मर्यादा येते आणि बांधकाम पूर्वेला पी. डिमेलो रोडच्या बाजूला सरकतं. पश्चिमेला रोज उतरणाऱ्या लोकलवाल्याला त्याचा उपयोग कमी, १८ नंबरकडून टॅक्सी धरणाऱ्याला जास्त.

---

जलद_बदलापूर

@दगडी_घुमट, @पाथ_मिळेना, दोघांचेही आभार. एक व्यावहारिक प्रश्न राहिला. १० ते १३ वर आता २४ डब्यांची गाडी लागणार असेल तर पुढच्या डब्याचं तिकीट असणाऱ्याने किती आधी पोचायचं? आणि त्या फलाटांची उंची लोकलच्या फलाटांइतकी का केली नाही?

---

गिट्टी_आणि_स्लीपर

उंचीचं आधी. लोकलच्या डब्याचा तळ उंच आणि पायरी नाही, म्हणून तिथे फलाट रुळापासून ९००-९२० मिमी. मेलच्या डब्याला पायऱ्या आहेत, तिथे ७६० ते ८४०. मेलच्या फलाटावर ९२० केलं तर खालची पायरी फलाटाच्या कडेआड जाते आणि चढणाऱ्याचा पाय अडकतो. कडेचं रुळाच्या मध्यापासूनचं अंतर दोन्हीकडे साधारण तेच, १६७० ते १६८० मिमी. दर वेळी रुळाखाली पॅकिंग केलं की रूळ थोडा वर येतो आणि फलाट तेवढा खाली गेल्यासारखा होतो, म्हणून हे माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

चालण्याचं: शिरायचं बफरकडून, कल्याणकडचा पहिला डबा तिथून साडेपाचशे मीटरच्या वर. मोकळ्या फलाटावर सात-आठ मिनिटं, सामान आणि गर्दी असेल तर बारा. मुख्य दालनातल्या बोर्डवर फलाट पाहून निघायला गाडी सुटण्याआधी पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा. फलाटावरच्या डबादर्शकावर नंबर लागेपर्यंत अर्ध्यातच थांबा. रेक उलटा लागला असेल तर पुढचा डबा मागे येतो, आणि बॅगा घेऊन ती फेरी दुसऱ्यांदा मारावी लागते.